इंग्रजी स्पेशल: पुस्तक मी वाचतोय, पोरगी नोट्स वाचतीय

साचेकाम

राम राम मंडळी. विषय घरचाच आहे, पण इथं मास्तर लोक बरेच आहेत आणि इंग्रजी घेऊन बीए-एमए झालेलेही आहेत, म्हणून मांडतो.

मी डिप्लोमावाला, कोल्हापूरजवळ शिरोलीत फाउंड्रीत कामाला. साहित्याशी संबंध शाळेतल्या धड्यांपुरता, नंतर दिवाळी अंकांपुरता. मुलगी बीएला आहे, मुख्य विषय इंग्रजी. कॉलेज शहरातलंच, नाव कशाला घ्यायचं. या सत्रात त्यांना थॉमस हार्डीची 'द मेयर ऑफ कॅस्टरब्रिज' आहे. पुस्तक मीच आणून दिलेलं. टेबलावर तसंच पडून होतं, म्हणून सेकंड शिफ्टवरनं आल्यावर सहज उघडलं. पहिल्याच प्रकरणात गवताच्या पेंढ्या बांधणारा हेन्चर्ड नावाचा एक मजूर जत्रेत पितो आणि तारेत स्वतःच्या बायकोचा लिलाव पुकारतो. लहान पोर आहे तिच्याजवळ. एक खलाशी पाच गिनी मोजतो आणि दोघींना घेऊन जातो. पुढं काय झालं हे कळल्याशिवाय झोप यायची नाही, अशी गत झाली.

माझं इंग्रजी ड्रॉइंग वाचण्यापुरतं आणि ऑडिटपुरतं. मोबाईलवर शब्द बघत, काही वर्णनं सरळ ओलांडत पुस्तक संपवलं. त्यात बाजारात एक पेरणीयंत्र येतं, हिरवं-पिवळं-लाल रंगवलेलं, आणि माणसं त्याच्याभोवती गोळा होतात. किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला तेव्हा त्यानं जमिनीत विष पसरतं म्हणून शेतकरी हात लावायला तयार नव्हते, ही गोष्ट आमच्या धंद्यात सगळ्यांना तोंडपाठ. त्यामुळं ते पान मी दोनदा वाचलं.

आता मुद्द्याचं. पोरीनं हे पुस्तक उघडलेलंच नाही. तिच्याकडं झेरॉक्सचा गठ्ठा आहे. सारांश, पात्रं, 'रोल ऑफ फेट', 'हेन्चर्ड अ‍ॅज अ ट्रॅजिक हिरो', सगळं मुद्देसूद. मी विचारलं, अगं हा माणूस धान्याच्या व्यापारात बुडाला कसा? तर म्हणाली, पप्पा, ते परीक्षेला येत नाही. आणि तिला चांगले मार्क पडतात! पोरगी हुशार आहे, आळशी अजिबात नाही. मग हे असंच असतं का? पुस्तक न वाचता साहित्याची पदवी? आणि मी घरात काही बोलावं की गप्प बसावं?

राजारामपुरी_नववी_गल्ली

गप्प बसा. पोरगी पास होतीय ना? आमच्या घरात नेमकं उलटं झालंय. चिरंजीव पुस्तकं वाचतात आणि पेपरात नापास होतात.

तासिका_तत्त्वावर

साचेकाम दादा, मी हाच विषय शिकवतो. कॉलेज कोल्हापूरच्या बाहेर, नेमणूक माझ्या नावातच आहे. म्हणून पलीकडची बाजू सांगतो.

कागदावर एका सत्रात ९० दिवस शिकवणं असतं. प्रवेश लांबतात, युवा महोत्सव येतो, अंतर्गत परीक्षा, नॅकची म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाची तयारी, मधे दिवाळी. उरलेल्या तासांत कादंबरीबरोबर कविता आणि समीक्षेतल्या संकल्पनाही उरकायच्या. 'मेयर'ची ४५ प्रकरणं आहेत. वर्गात ओळीनं वाचायची म्हटली तर सत्र तिथंच संपेल. म्हणून बहुतेक जण कथानक मराठीत सांगतात, चार थीम फळ्यावर लिहितात आणि पुढं सरकतात. नवीन शैक्षणिक धोरणानं तर पोरांचा दिवस मेजर (मुख्य विषय), मायनर (दुय्यम विषय), ओई (खुला वैकल्पिक), व्हीएससी (व्यवसाय कौशल्य) असा फोडून टाकलाय. एका विषयात बूड टेकवून बसायला त्यांना वेळच नाही.

दुसरं म्हणजे पेपर. एमसीक्यू, ब्रॉड आन्सर, शॉर्ट नोट्स. हेन्चर्डचं व्यक्तिचित्र आज येईल, नाहीतर पुढच्या वेळी. कॅपला, म्हणजे एकत्रित पेपर तपासणीला, आमच्यापुढं गठ्ठे पडतात तेव्हा उपशीर्षकं आणि अधोरेखित मुद्दे बघूनच हात चालतो. एखाद्या पोरानं पुस्तक वाचून स्वतःच्या मोडक्या इंग्रजीत काही वेगळं लिहिलं, तर ते थांबून वाचायला सवड असते का, याचं उत्तर मी इथं देत नाही.

तुमच्या पोरीनं जे केलंय ते अगदी तर्काला धरून आहे. जे मोजलं जातं तेच तिनं तयार केलं.

पंचगंगाकाठ

आमच्या वेळी वार्षिक परीक्षा होती आणि एक प्रश्न हमखास असायचा: संदर्भासह स्पष्टीकरण. चार-पाच ओळी छापून यायच्या. कोण कोणाला म्हणालं, कधी, का. पुस्तक वाचल्याशिवाय त्याला हातच घालता यायचा नाही, कारण ओळ कुठली येईल याचा नेम नसे. गाईडं तेव्हाही होती, महाद्वार रोडला ढिगानं मिळायची. पण त्या एका प्रश्नापायी नाटक निदान एकदा तरी सबंध वाचावं लागे.

आमचे सर 'मॅकबेथ' वर्गात मोठ्यानं म्हणायचे. अर्थ निम्मा कळायचा. पण बँक्वोचं भूत जेवणावळीत येऊन खुर्चीत बसतं, तो तास संपल्यावर मागच्या बाकावरची पैलवान मंडळीसुद्धा गप्प होती. कोल्हापुरात पैलवान गप्प करणं म्हणजे काय, हे इथं सांगायला नको.

नेटसेट_नाद

काका, आता उलटा जमाना आहे. मी दोनेक वर्षं नेटच्या, म्हणजे प्राध्यापक व्हायच्या पात्रता परीक्षेच्या, मागं आहे. पेपर दोनला १०० प्रश्न, २०० मार्क, निगेटिव्ह नाही. हार्डीवर काय विचारतील? कादंबऱ्या प्रकाशनाच्या क्रमानं लावा. घ्या: 'फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड' १८७४, 'रिटर्न ऑफ द नेटिव्ह' १८७८, 'मेयर' १८८६, 'टेस' १८९१, 'ज्यूड' १८९५. झोपेत उठवून विचारा. यातली वाचली किती? एक. तीही निम्मी.

मार्केटयार्ड

धागा बघून राहवलं नाही. मी साहित्याचा नाही, बीकॉम. पण एकेकाळी बहिणीचं हेच पुस्तक वाचलं होतं आणि ते डोक्यातनं गेलेलं नाही. आमची गुळाची अडत आहे, शाहू मार्केट यार्डात.

साचेकाम, तुम्ही पोरीला विचारलेला प्रश्न हाच त्या कादंबरीचा कणा आहे. हेन्चर्ड मोठा धान्यव्यापारी झालेला असतो. हाताखालचा फारफ्री आता त्याचा प्रतिस्पर्धी. त्याला झोपवायचा म्हणून हा रात्री अंधारात, तोंड लपवून, आडवाटेवर राहणाऱ्या एका हवामान सांगणाऱ्याकडं जातो. तो सांगतो, सुगीत पाऊस झोडपणार. हा धान्य भरून ठेवतो, मिळेल त्या भावानं. आणि ऊन पडतं! भाव कोसळतात. घाबरून हा तोट्यात विकून मोकळा होतो. आणि कापणी सुरू होते न होते तोच हवा फिरते, भाव पुन्हा वर. फारफ्रीनं मधल्या पडत्या भावात उचल केलेली असते. थोडा दम धरला असता तर निदान बुडाला नसता.

आमच्या पेढीवर हे कुणालाही सांगा, तो नावासकट सांगेल की असा माणूस कुठल्या गल्लीत राहत होता. अवकाळीच्या भीतीनं केलेले सौदे, त्यातनं गेलेली घरं. पंचांग बघून माल धरणारे अजून आहेत. आता मोबाईलवरचं अ‍ॅप बघून धरतात, एवढाच फरक.

आणि हे हार्डीनं हवेतनं आणलेलं नाही. प्रस्तावनेत तो स्वतःच सांगतो की गोष्ट तीन खऱ्या घटनांवर उभी आहे: एका माणसानं केलेली बायकोची विक्री, कॉर्न लॉ रद्द व्हायच्या आधीच्या बेभरवशी सुग्या, आणि राजघराण्यातल्या एकाची त्या गावाला भेट. ते कायदे रद्द झाले १८४६ ला. त्याआधी बाहेरच्या धान्याला आडकाठी होती, म्हणून गावच्या आभाळावर गावचा भाव ठरायचा. हे कळलं की 'रोल ऑफ फेट' वर चार पानं खरडायची गरज उरत नाही. नशीब कुठनं आलं आणि कायदा कुठनं आला, ते दिसतं.

साचेकाम

भावा, हे तर मलाही एवढं कळलं नव्हतं. मी नुसता 'बुडाला' एवढंच वाचून पुढं गेलो होतो.

तिलारी_घाट

मी जरा कडू बोलणार आहे. नोट्सना नावं ठेवणारे सगळे घरात इंग्रजी पेपर येणाऱ्यांपैकी दिसतात.

मी चंदगड तालुक्यातली. शाळा मराठी, घरात शिकलेलं कुणी नाही. बीएच्या पहिल्या वर्षाला एक पान वाचायला अख्खी संध्याकाळ जायची आणि शेवटी पहिली ओळ काय होती तेही आठवायचं नाही. शेक्सपिअरचं सुनीत फळ्यावर लिहिलेलं असायचं आणि मी ते चित्र काढल्यासारखं उतरवून घ्यायची. झेरॉक्सच्या नोट्स नसत्या तर मी पहिल्या सत्रातच एसटी धरून गावाला गेले असते. त्या नोट्सनी मला वर्गात टिकवलं. आज मी शाळेत शिकवते.

माझं वाचन सुरू झालं तिसऱ्या वर्षी. पुस्तक: चिन्वा अचेबेचं 'थिंग्ज फॉल अपार्ट', १९५८ चं. वाक्यं छोटी. माणसं सुरणासारखे कंद पिकवतात, त्याच्यावरनं एकमेकांची पत ठरते. म्हातारी माणसं म्हणीतनं बोलतात. घरी पाहुणा आला की आधी कोलाचं फळ पुढं करतात, मग विषय काढतात. अहो, हे तर आमचंच घर! ओकोन्क्वो बापाच्या आळशीपणाला एवढा भितो की त्या भीतीतनंच त्याचं वाटोळं होतं, ते वाचताना मला आमचे थोरले काका दिसत होते. पहिलं इंग्रजी पुस्तक, जे मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं.

मग प्रश्न असा की हे पुस्तक तिसऱ्या वर्षी का? पहिल्या वर्षी एलिझाबेथच्या काळातली सुनीतं आणि शेवटी अचेबे, हा क्रम कुणाच्या सोयीचा? पुस्तकं कालक्रमानं लावणं म्हणजे इतिहास शिकवणं झालं. मराठी माध्यमाचं पोरगं समोर असेल तर सोपं, सरळ, ओळखीच्या जगाचं गद्य आधी हवं. मिल्टन पळून जात नाही.

तासिका_तत्त्वावर

तिलारी ताई, शंभर टक्के. आणि तुमच्या पहिल्या मुद्द्यावरही. माझ्या वर्गात बहुतेक पोरं घरातली पहिली पदवीधर होणार आहेत. मी मराठीत समजावतो आणि त्याची लाज वाटत नाही. कविता इंग्रजीत मोठ्यानं दोनदा म्हणायची, मग मराठीत भांडायचं, मग परत इंग्रजी ओळींवर यायचं. गडबड होते ती शेवटच्या पायरीवर. मराठीत गोष्ट ऐकली की पोरांना वाटतं, काम झालं, आणि घंटा होते.

काकवी

कागलच्या बाजूची आहे. आता पुण्यात असते, पण धागा कोल्हापूरचा म्हणून आले.

माझा अनुभव कवितेचा. कीट्सची 'टू ऑटम' आम्हाला होती. सरांनी फळ्यावर लिहिलं 'सेन्शुअसनेस', खाली पाच इंद्रियं, प्रत्येकापुढं एकेक उदाहरण. आम्ही उतरवून घेतलं. मार्क पडले.

पुढं कितीतरी वर्षांनी सुट्टीत घरी गेले तेव्हा गुऱ्हाळ चालू होतं. रात्रीची वेळ. चरक नुकताच थांबला होता, शेवटचा रस संथ ठिबकत होता. चुलवाणावर काहील, गुळव्या पाकाकडं बघत बसलेला. घाई नाही, पण नजरही हलत नाही. आणि मला ते कडवं आठवलं. दुसऱ्या कडव्यात ऋतू एखाद्या बाईसारखा शेतात बसलेला दिसतो. धान्याच्या खळ्यावर केस वाऱ्यानं उडतायत, अर्ध्या कापलेल्या रानात डुलकी लागलीय, आणि शेवटी सफरचंदाचा रस काढायच्या चरकाशेजारी ती शेवटचे थेंब ठिबकताना तासन् तास बघत बसते. बघत बसणं हेच काम. कीट्सनं ही कविता १९ सप्टेंबर १८१९ ला विंचेस्टरला लिहिली, फिरून आल्यावर. त्याला खुंट राहिलेली शेतं आवडली होती, तसं त्यानं मित्राला पत्रात कळवलंय. ऊस गेल्यावर पाचट पडलेल्या रानावर संध्याकाळचा तांबूस उजेड पडतो, तो बघितलेल्या माणसाला तिसरं कडवं समजावून सांगावं लागत नाही.

माझी तक्रार एवढीच: वर्गात निम्मी पोरं ऊसवाल्यांच्या घरची होती आणि गुऱ्हाळाचं नाव एकदाही निघालं नाही. पाच इंद्रियांची यादी मात्र निघाली.

राजारामपुरी_नववी_गल्ली

काकवी, आयडी जमलाय.

वाघिणीचं_दूध

सगळं छान चाललंय. पण मूळ प्रश्न कुणी विचारत नाही. कागलच्या मुलीनं गुऱ्हाळ समजून घ्यायला कीट्सकडं का जावं? तिनं कीट्स समजायला गुऱ्हाळ वापरलं, म्हणजे आमचं जगणं त्यांच्या कवितेची तळटीप झालं.

जरा इतिहास बघा. हिंदुस्थानात इंग्रजी शिक्षण हवं म्हणणारं मेकॉलेचं टिपण १८३५ चं. मुंबई विद्यापीठ १८५७. आपलं राजाराम कॉलेज १८८०. ऑक्सफर्डनं इंग्रजी साहित्याचा स्वतंत्र विभाग सुरू केला १८९४ ला, केंब्रिजला त्याची ट्रायपॉस म्हणजे पदवी परीक्षा १९१७ ला. म्हणजे त्यांच्या मोठ्या विद्यापीठांत ज्या विषयाला मान नव्हता, तो आमच्या पोरांना आधीपासून घोकायला लावला. कारण तिकडं सभ्य माणूस घडवायला ग्रीक-लॅटिन होतं, इकडं आम्हाला सभ्य करायला शेक्सपिअर. त्या कारखान्याचा माल आपण अजून काढतोय. उद्या इंग्रजी विभाग बंद झाले तर साहित्याचं काय बिघडेल? उलट मराठी विभागात चार पोरं जास्त येतील.

पंचगंगाकाठ

मालक, तारखा बरोबर आहेत. निष्कर्ष पटत नाही.

कोल्हापूरशीच जोडलेलं एक उदाहरण देतो. इथल्या छत्रपतींना दिवाण बर्वे त्रास देतात म्हणून 'केसरी' आणि 'मराठा'त लेख आले. अब्रुनुकसानीचा खटला झाला आणि १८८२ साली टिळक-आगरकर १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात गेले. त्या तुरुंगात आगरकर काय करत होते? 'हॅम्लेट' मराठीत आणत होते. 'विकारविलसित' म्हणून ते १८८३ ला छापलं गेलं. कोल्हापूरच्या गादीसाठी तुरुंगात बसलेला माणूस, सरकार इंग्रजांचं, आणि हातात शेक्सपिअर. त्याला कुणी 'सभ्य' केलं होतं असं म्हणायची माझी छाती नाही.

पुढं बघा. देवलांनी 'ऑथेल्लो'चा 'झुंजारराव' केला. कोल्हापुरात शिकलेले विंदा करंदीकर पोटासाठी इंग्रजी शिकवत होते. त्यांनी 'राजा लिअर' मराठीत आणला. वि. कृ. गोकाक इंग्रजीचे प्राध्यापक, आपल्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य होते, आणि ज्ञानपीठ मिळालं ते कन्नडसाठी. इंग्रजी विभाग नसते तर मराठी-कन्नडला काय मिळालं नसतं, त्याचीही यादी करा की एकदा.

वाघिणीचं_दूध

ही सगळी शिखरं झाली. मी सरासरी विद्यार्थ्याबद्दल बोलतोय, जो ना कीट्स वाचतो ना मर्ढेकर. आगरकरांच्या जोरावर आजच्या झेरॉक्सचं समर्थन होत नाही.

तिलारी_घाट

हे मात्र वाघिणीचं बरोबर आहे.

काकवी

तळटीपेचा मुद्दा मला लागला, पण पटला नाही. मी गुऱ्हाळ जन्मापासून बघत आले आणि कधीच नीट बघितलं नव्हतं. त्या रात्री बघितलं. त्यात कीट्सचं काय गेलं आणि माझं काय गेलं?

शिवाय आता अभ्यासक्रमात नुसते इंग्रज कुठं आहेत? अरुण कोलटकर कोल्हापुरात जन्मलेला माणूस. 'जेजुरी' १९७६ ची, इंग्रजीत, आणि ती कितीतरी विद्यापीठांत इंग्रजीच्या पेपरला आहे. जेजुरीला जाऊन आलेल्या घरातलं पोरगं ती वाचतं तेव्हा बाकीच्या जगापेक्षा त्याला जास्त दिसायला हवं. त्यातल्या एका कवितेतली म्हातारी बाही धरून पन्नास पैसे मागते, तिची चिवट पकड आपल्या माणसाला कल्पनेनं उभी करावी लागत नाही.

तासिका_तत्त्वावर

आणि तरी गंमत बघा. 'जेजुरी' शिकवताना पोरं मला विचारतात, सर, 'थीम ऑफ फेथ अँड स्केप्टिसिझम' चं रेडिमेड उत्तर आहे का? त्यातली निम्मी दर सोमवती अमावस्येला भंडारा उधळून येतात! मी एकदा सांगितलं, तुम्ही गेला होता तेव्हा पुजारी काय म्हणाला, गाडी कुठं लावली, बसमध्ये कोण होतं, ते आधी मराठीत सांगा. अख्खा तास हास्यकल्लोळ. दुसऱ्या दिवशी तीच कविता त्यांनी माझ्याशिवाय वाचली.

दुसरं उदाहरण बेबी कांबळे. त्यांचं आत्मकथन 'जिणं आमुचं'. फलटणच्या, म्हणजे आपल्याच विद्यापीठाच्या हद्दीतल्या. त्याचं इंग्रजी भाषांतर 'द प्रिझन्स वी ब्रोक' २००८ ला आलं, माया पंडित यांनी केलेलं. ते भाषांतर आता इंग्रजी विभागांत शिकवलं जातं. सातारा जिल्ह्यातलं पोरगं आपल्या जिल्ह्यातल्या बाईचं आयुष्य इंग्रजीत वाचतं आणि इंग्रजीतच उत्तर लिहितं. मी वर्गात मूळ मराठी प्रत ठेवतो. आपली आजी ज्या बोलीत बोलते ती पुस्तकात छापलेली बघून एक मुलगी वर्गातच रडली होती. तिनं नंतर भाषांतर शेजारी ठेवून दोन्ही वाचली आणि इंग्रजीत कुठं धार कमी झाली ते मला पेन्सिलीनं खुणा करून आणून दिलं. बीएच्या पोरीकडनं याच्यापेक्षा जास्त साहित्याचा अभ्यास मला माहीत नाही. त्याला मार्क द्यायला माझ्याकडं रकाना नव्हता.

मार्केटयार्ड

सर, हे मूळ आणि भाषांतर शेजारी ठेवायचं काम अंतर्गत परीक्षेत घालता येत नाही का? ते मार्क तर तुमच्याच हातात.

तासिका_तत्त्वावर

येतं, आणि मी घालतो. कारण होम असाइनमेंटचा आता काही अर्थ राहिलेला नाही. 'हेन्चर्डचं व्यक्तिचित्र लिहा' म्हटलं की एआयकडनं लिहून आणतात, सगळ्यांचं गुळगुळीत, सगळ्यांचं सारखं. म्हणून मी तोंडी घेतो. पुस्तक समोर उघडं, एक पान काढायचं, मोठ्यानं वाचायचं आणि सांगायचं की हे पान पुस्तकात नसतं तर काय अडलं असतं. इंग्रजीत सांगा, मराठीत सांगा, मिसळून सांगा. वाचलंय की नाही ते दोन मिनिटांत कळतं. वेळ खूप जातो, पण नोट्स तिथं चालत नाहीत.

नेटसेट_नाद

हा प्रश्न मला विचारला तर मी फेल. पण मी स्पर्धा परीक्षेवाल्यांसाठी सांगतो. यूपीएससीला इंग्रजी साहित्य वैकल्पिक घेता येतं, दोन पेपर, २५० चे प्रत्येकी. 'किंग लिअर', 'द टेम्पेस्ट', 'पॅराडाइज लॉस्ट'चे चार भाग, 'टेस', 'अ पॅसेज टू इंडिया', 'कांतापुरा' अशी नेमलेली पुस्तकं आहेत आणि कवितांतल्या ओळी देऊन विचारतात. तिथं गाईड पुरत नाही. माझ्या ओळखीतला एक जण झेरॉक्सवर गेला आणि पहिल्याच प्रश्नाला अडकला.

साचेकाम

सगळ्यांचे आभार. एवढी चर्चा होईल असं वाटलं नव्हतं. मार्केटयार्डांची पोस्ट मी मुलीला वाचून दाखवली. तिनं ऐकली, हसली आणि म्हणाली, "पप्पा, तुम्हाला पेपर नाही म्हणून मजा येते." यावर माझ्याकडं उत्तर नाही.

पण नंतर तिनं एक प्रश्न विचारला तो इथं टाकतो. तिचं म्हणणं, वाचायला बसलं तरी वेग येत नाही, दहा पानांनंतर सोडून द्यावंसं वाटतं. शब्दकोश उघडला की लय जाते, नाही उघडला की अर्थ जातो. यावर काही उपाय?

तिलारी_घाट

आधी ऐकू दे. हार्डी, कीट्स, शेक्सपिअर यांचे हक्क कधीच संपलेत. लिब्रिव्हॉक्सवर माणसांनी वाचून रेकॉर्ड केलेली पुस्तकं फुकट आहेत, गुटेनबर्गच्या साइटवर मजकूर फुकट. कानात आवाज, डोळ्यांपुढं पान. केएमटीच्या बसमध्ये बसल्या बसल्या होतं. शब्द अडला तर अडू दे, वाक्य पुढं नेतं. दुसऱ्यांदा तोच शब्द अडला तर बघायचा. आणि पहिल्यांदा वाचताना पेन हातात घेऊ नको म्हणावं, नाहीतर ती नोट्सच काढायला लागते.

पंचगंगाकाठ

आणि सुट्टीत वाचायचं. पुढच्या सत्राचा अभ्यासक्रम विद्यापीठाच्या संकेतस्थळावर असतो, तो आधी बघायचा. सत्र सुरू झाल्यावर हार्डी हातात घेणं म्हणजे उशीर झाला. छापील प्रत हवीच. शक्यतो मागं टिपा असलेली विद्यार्थी आवृत्ती घ्या, दहा-वीस रुपये वाचवायला जाऊ नका. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आहे. त्याची वर्गणी भरा, मुलीच्या नावानं. घरात पुस्तक विकत आणलं की ते टेबलावर पडून राहतं. परत करायची तारीख असली की वाचून होतं.

मार्केटयार्ड

साचेकाम, तिला सांगा, प्रकरण २६ आणि २७ एवढीच आधी वाच. हवामानवाला आणि सुगी. तेवढी दोन वाचून झाली की यार्डात घेऊन या, सौदा कसा निघतो ते दाखवतो. सकाळी या, दुपारनंतर काही बघायला उरत नाही.

साचेकाम

विचारतो. मी तरी नक्की येतो.

राजारामपुरी_नववी_गल्ली

आमच्या चिरंजीवांना तिसऱ्या वर्षासाठी विचारायचं होतं. इंग्रजी मेजर, मायनर मराठी ठेवलंय, ते तसंच ठेवावं की इतिहास?

तासिका_तत्त्वावर

त्याला वेगळा धागा काढा दादा. त्यावर इथं मारामारी होईल.